स्टुलाचा पाय

सोमवार, ता. ४

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

फोनवर तुझा आवाज ऐकला की सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून कागद घेतलाय. आज हाडांचा स्कॅन झाला. सकाळी दंडात इंजेक्शन दिलं आणि तीन तास नुसतं पाणी पीत बसवलं. औषध हाडांत मुरावं लागतं म्हणे. मग अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. घड्याळ काढलं, कानातलं काढलं, तरी गळ्याशी खोचलेल्या चार टाचण्या निघाल्याच. शिवणाऱ्या बाईचं हे असं. यंत्रावरची मुलगी हसली, मीही हसले. तेवढंच हसणं.

अरुंद फळीवर निजवून हात पट्ट्यात गुंडाळले. यंत्राची पाटी थेट नाकापर्यंत खाली आली. हलायचं नाही. मी मनात एक लांब सरळ टीप घालत राहिले. दोरा कुठे तुटेल याचीच धास्ती.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हाडं स्वच्छ असली तर गुरुवारी २१ तारखेला छातीतल्या गाठीचं ऑपरेशन. आजार हाडांत उतरला असेल तर ऑपरेशन नाही, आधी औषधं. त्यापुढचं कुणी बोलत नाही.

उठताना त्या मुलीनं विचारलं, डाव्या बरगडीला कधी मार लागला होता का. मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. तेव्हापासून हात सारखा तिथेच जातो.

आहेस तसाच जीव लावत राहा.

तुझी अक्का

गुरुवार, ता. ७

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं आणि दर वेळी बरगडीच्या ओळीवर अडलो. अक्का, तू त्या मुलीला खोटं सांगितलंस.

तुझ्या शिवणयंत्रासाठी मी केलेलं स्टूल मागच्या वर्षी भावोजी दुरुस्तीला घेऊन आले होते. कामवालीच्या हातून आपटलं, म्हणाले. भावोजींना खोटं जमत नाही, बोलताना छताकडे बघतात. आणि आपटून निखळलेला पाय मला कळतो, तसा माणसाच्या भारानं मोडलेलाही कळतो. त्यानंतर मी आलो, तेव्हा तू हसताना डाव्या कुशीला हात धरत होतीस आणि खोकला झालाय म्हणत होतीस. तुझा भाऊ सुतार आहे, आंधळा नाही.

लाकूड ओलं होतं. अजून दोन महिने वाळवायला हवं होतं, मी घाई केली. मला लागेल म्हणून तू बोलली नाहीस. मला लागलं होतं म्हणून मी विचारलं नाही.

काल एका दाराची फळी रेघेच्या अलीकडेच कापली. तीस वर्षांत पहिल्यांदा. हिनं तुकडा उचलून ठेवला.

देवापुढे बसतो, पण काल काय मागावं तेच सुचलं नाही. आज मात्र मागितलं, की बरगडीत जे दिसलं ते स्टुलावरून पडल्याचंच असू दे, ही माझीच चूक निघू दे. असं मागणं आजवर कधी मागितलं नव्हतं.

डॉक्टरांना खरं काय ते सांग. फोनवर तू पुन्हा नाहीच म्हणशील, म्हणून हे सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. दुपारी मिळेल.

रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा रंध्या

शनिवार, ता. १६

चि. रंध्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांनी आधी वाचलं आणि लगेच छताकडे बघायला लागले. मग काय लपवणार?

वर्षभर सगळ्यांना नाही म्हणत आले, तेच सवयीनं तोंडातून गेलं. पण घरी आल्यावर सांगता आलं असतं. नाही सांगितलं. कारण पडले होते, ही एकच आशा माझ्या मुठीत होती. ती तपासायला दिली आणि खोटी ठरली, तर मुठीत काय राहणार होतं?

तुझ्या पत्रानंतर गेले. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. बरगडीचा वेगळा स्कॅन सांगितला. तीच मुलगी होती. आधी का नाही सांगितलं, म्हणाली. म्हटलं, स्टूल भावानं केलं होतं. तिनं पुढे विचारलं नाही. तिलाही भाऊ असावा.

पुढचे पाच दिवस मी शिवलेलं एकही कापड सरळ आलं नाही. काल निकाल कळला. जुनं मोडलेलं हाड आहे, सांधलेलं. बाकी कुठे काही नाही. गुरुवारी सकाळी आठला ऑपरेशन.

तुझं मागणं पोचलं, रे. पण भीती गेली म्हणू नकोस. ती बरगडीतून निघून पुन्हा छातीत आली आहे. कापडाला कात्री लावण्याआधी मी दोनदा मोजते. इथे मोजणारे दुसरेच.

बुधवारीच ये. आणि एक सांगून ठेवते. तू नवा पाय बसवलास, तरी त्या स्टुलावर मी अजून बसलेली नाही, खुर्चीवरच शिवते. दवाखान्यातून घरी आले की बसेन. तेव्हा तू बाजूला उभा राहा.

वाट बघणारी,
तुझी अक्का