नावाऐवजी ओळी

८ जानेवारी २०२५, बुधवार

समन्स आलं. माझ्या नावानं! चुनीलाल पाटील, निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. प्रतिभाच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलंय. सुनेच्या बाजूनं, पोटच्या पोराविरुद्ध.

सून म्हणायची सवय जात नाही. दिवाळीआधीच कोर्टानं तिचा आणि भूपेंद्रचा घटस्फोट मंजूर केला. आता उरलंय ते मागचं — पोटगी, सामान आणि निशा. घर आणि शेत माझ्या नावावर, त्यात वाटणी नाही. दागिने तिच्या माहेरचे, त्यावर भूपेंद्रही काही बोलत नाही. निशा आईकडे राहणार हे दोघांना मान्य. मग अडलं कुठे? चार भांड्यांवर!

हंडा, कळशी, परात, तांब्या. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव टाकतात — कुणी दिलं, कुणाला दिलं. पुढे फाटलंच, तर नाव वाचायचं आणि ज्याचं त्यानं उचलायचं. जुन्या काळी पंचही तेच करायचे. पण ही चार भांडी मी प्रतिभाला दिलेली, आणि मी नाव टाकलंच नाही. कविता टाकली! माझीच. एकेका भांड्यावर एकेक ओळ.

नाव टाकणारा ईश्वर तेव्हा म्हणालाच होता, "गुरुजी, नाव टाका, नाव! ओळ पाहून मालक कसा समजेल?"

आमच्या सौ. अनुसयाबाई सकाळपासून तेच म्हणताहेत. "नाव सोडीसन कविता टाकी! आते भोगा!"

९ जानेवारी

तरी ओळी चांगल्या होत्या.

१२ जानेवारी, रविवार

निशा आली! निकाल लागेपर्यंत कोर्टानं भूपेंद्रला दुसरा आणि चौथा रविवार दिलाय. तो पुरुषोत्तमनगरला प्रतिभाच्या भावाकडून तिला उचलतो, इथं सोडतो आणि आपल्या कामाला जातो. म्हणजे रविवार त्याचा, पण मिळतो मला.

आठ वर्षांची झाली. पहिलं अक्षर ती पाटीवर नाही, हंड्यावर शिकली. आजही भांड्यांच्या फळीपुढे उभी राहून, परातीवर बोटांनी ठेका धरून म्हणाली —

उंबऱ्यात ये गं लेकी
ऊन पदरी घेऊन
तुझं सांडलेलं पाणी
येईल गं उगवून

हीच चाल मी चाळीस वर्षं वर्गात लावली. खिडकीतून कापसाची शेतं दिसायची, पन्नास पोरं एका सुरात, आणि रस्त्यानं जाणारा बैलगाडीवाला क्षणभर थांबायचा. कुठे गेले ते दिवस!

दूध पिताना तिनं स्टीलचा पेला फिरवून फिरवून पाहिला. "नाना, माझ्या पेल्यावर काहीच नाही. मला ओळ कधी?"

"सुचली की टाकू."

"कधी सुचणार? मी मोठी झाल्यावर?"

अनुसया हसून हसून खोकायला लागली.

१७ जानेवारी

भूपेंद्र नंदुरबारहून आला. चहा घेतला नाही.

"नाना, एकच वाक्य बोला. भांडी घरची आहेत. बस."

"घरची कशी? मी तिला दिली."

"मला त्या परातीत काय पीठ मळायचंय? लोक काय म्हणतील ते बघा. बापानंच पाडलं पोराला."

तो उठला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण थंडपणे बोलला. "बोला तिच्याकडून. पण रविवार माझे आहेत. निशाला कुठे न्यायचं ते मी ठरवणार. फ्लॅटवर नेईन. इथे नाही."

चौथीत असताना हाच पोरगा बाकावर उभा राहून अख्खी कविता म्हणायचा. माझ्या वर्गात माझाच पोरगा! छाती फुगायची.

अनुसया म्हणाली, "पोरनं तोंड दखाले भेटनार नही, इचार करा." पोरीचं तोंड दिसायचं नाही, विचार करा. करतोय. दुसरं काय करतोय?

२१ जानेवारी

इस्त्रीची टोपी घालून शहाद्याच्या कोर्टात गेलो. पिंजऱ्यात उभा राहिलो. न्यायाधीश बाई तरुण. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या मुलीच्या वयाच्या.

"भांड्यांवर काय लिहिलंय, आठवतं का आजोबा?"

आठवतं का! सुरू केलं. पण सवयीनं चालीवरच गेलो! कुणीतरी फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, "चाल नको. सावकाश सांगा, टाईप करायचंय."

मग भूपेंद्रचे वकील उठले. "कविता काय, कुणासाठीही असते. हिच्यासाठीच कशावरून?"

"साहेब, उंबऱ्यात येणारी नवरीच असते. त्या मांडवात दुसरी कुठली होती का?"

आता सगळेच हसले. वकिलांनी गळ्यातला पट्टा सारखा केला. "तुम्ही मुलाविरुद्ध बोलताय, कळतंय ना?"

"भांड्यांविषयी बोलतोय. विचारलंत म्हणून खरं सांगतोय."

भूपेंद्र खाली बघत होता. त्याच्याकडे पाहिलं असतं तर आवाज फुटला नसता. नाही पाहिलं.

पुढे प्रतिभा बोलली. काय बोलली! शुद्ध, ठाम, एक शब्द वाकडा नाही. नवऱ्याला नावं ठेवली नाहीत. "मला भांडी हवीत ती तांब्या-पितळेसाठी नाही. माझ्या मुलीचं पहिलं पुस्तक आहे ते." आमच्या घरात बारा वर्षं वावरली ही पोर, आणि आम्हाला ऐकायला कोर्टात जावं लागलं.

२२ जानेवारी

माझी एकही कविता कधी छापून आली नाही. सगळ्या साभार परत. आणि काल — सरकारी कागदावर टाईप! खाली कोर्टाचा शिक्का! ईश्वरला दुकानात जाऊन सांगितलं. म्हणाला, "गुरुजी, मानधन देतीन का?"

१८ फेब्रुवारी

निकाल. चारही भांडी प्रतिभाची — स्त्रीधन. तिला आणि निशाला दरमहा पोटगी. बापाला दुसरा व चौथा रविवार, सकाळी दहा ते पाच, आणि शाळेची निम्मी सुट्टी.

अख्खा कागद चष्मा पुसून पुसून वाचला. "आजोबा" हा शब्द कुठेच नाही. प्रतिभाच्या वकिलांना विचारलं. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही अर्ज कुठे केला होता? न मागितलेलं कोर्ट कसं देणार?"

बरोबर आहे. मला वाटलं, नातीसाठी अर्ज करायचा नसतो.

२३ फेब्रुवारी, चौथा रविवार

अनुसयानं शेवया केल्या. निशा नाही आली. साक्षीनंतरचा हा तिसरा रविवार. भूपेंद्र फोन उचलत नाही.

२७ फेब्रुवारी

प्रतिभाचा भाऊ हेमराज टेम्पो घेऊन आला. सोबत ती. भांडी मी चिंचेनं घासून ठेवली होती, ओळी लखलखत होत्या. ती दाराबाहेरच उभी.

"आत ये."

"नको नाना. लोक तुम्हालाच बोलतील."

उंबऱ्यात ये म्हणून पितळेवर कोरून ठेवणारा मी! हेमराज हंड्याला हात लावायला गेला तर म्हणाली, "राहू दे, माझं मी घेते." कमरेवर घेऊन चालायला लागली, पहिल्या दिवशी पाणी आणलं होतं तशीच. मान खाली नाही, कुणावर राग नाही. अशी सून होती माझी!

बाकीच्या भांड्यांच्या पोत्यात मी निशाचा पेलाही टाकला. तिनं विचारलं, "हा कशाला?"

"इथे कोण पिणार आता?"

माझ्याकडे बघत राहिली. मग पोत्याचं तोंड बांधलं.

९ मार्च, दुसरा रविवार

भूपेंद्रची गाडी फाट्यावरून सरळ नंदुरबारकडे गेली. मागच्या काचेला एक छोटा हात होता म्हणे. तिथल्या चहाच्या टपरीवरच्या वाहरूनं पाहिला.

अनुसया जेवली नाही. मी फळीवरची चार रिकामी वर्तुळं पुसली. भांडी होती तिथे धूळ नव्हती, म्हणून वर्तुळं.

पस्तावा? नाही. पुन्हा बोलावलं तर पुन्हा तेच सांगेन. फक्त या वेळी चालीवर म्हणेन.

१६ मार्च, तिसरा रविवार

कोर्टाच्या कागदात नसलेला रविवार. दारात स्कूटी थांबली. निशा उडी मारून थेट आत! मागून प्रतिभा आली — उंबरा ओलांडून. कोर्टातली शुद्ध भाषा बाहेरच ठेवून म्हणाली, "हाऊ रविवार मन्हा शे, नाना. मन्हा मी कोणलेबी देसू." हा रविवार माझा, माझा मी कुणालाही देईन.

निशानं पेला पुढे केला. "तुम्हाला सुचेचना, म्हणून आईनं ईश्वरकाकांकडून टाकून घेतलं."

वृत्त नाही, यमक नाही. अशी ओळ मला जन्मात जमली नाही —

निशाचा पेला. राहणार नानांकडे.