अकरा क्लब आणि गोव्यातला एक कागद

मी, धनेश एकनाथ सरनाईक, वय ४२, पूर्वी व्यावसायिक फुटबॉलपटू व सध्या शाळेत क्रीडाशिक्षक, मूळ राहणार कोल्हापूर, हल्ली मुक्काम वादी कबीर, मस्कत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मनाबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. येत्या मंगळवारी, २४ मे रोजी, माझ्या छातीत एक यंत्र बसवणार आहेत. हृदय भरकटलं तर ते आतून झटका देऊन त्याला जागेवर आणतं म्हणे. मला फार भीती वाटते. वकिलांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, भीती वाटत असताना केलेलं मृत्युपत्रही कायद्याने चालतं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझे वारस दोन: पत्नी सौ. शुभदा आणि मुलगी कु. आकांक्षा, वय १५. आई जयवंती २०११ साली वारली. वडील मी आठ वर्षांचा असताना गेले. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढत होते. वर पोचले, सिलिंडर नीट खाली ठेवलं, भिंतीला टेकून बसले आणि संपले. वय छत्तीस. पेठेतले लोक म्हणाले, चांगल्या माणसाला नजर लागली. घरात त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही.

२. कोल्हापुरात रंकाळ्यामागे माझ्या नावावर असलेला दोन खोल्यांचा ब्लॉक, बँकेतली शिल्लक आणि मस्कतमधली गाडी हे सर्व शुभदाला द्यावं. ब्लॉकमध्ये राहायचं की तो विकायचा, हे तिने ठरवावं. माझे चुलते सल्ला द्यायला येतील. त्यांना चहा द्यावा.

३. कपाटात अकरा जर्सी आहेत, अकरा क्लबांच्या. कोल्हापूरच्या आमच्या तालमीने, जिच्या संघातून मी आधी खेळलो, पहिली जर्सी कार्यालयात लावायला मागितली आहे. ती द्यावी. याच तालमीच्या सेक्रेटरींनी भर सभेत मला 'पायाला भिंगरी लागलेला, कुठंच न टिकणारा' म्हटलं होतं, ते मी विसरलेलो नाही. मुंबई, गोवा, कोलकात्यात दोन, कोझिकोड, पंजाब, पुन्हा गोवा, पुन्हा मुंबई, मग इथे ओमानात इब्री आणि खाबुरा. एका क्लबात दोन मोसम काढले की मी निघायचो. वर्तमानपत्रात छापून यायचं, की मधल्या फळीतला हा खेळाडू स्वभावाने अस्वस्थ आहे. जर्सीसोबत खालच्या कलमाची एक प्रत सेक्रेटरींना द्यावी, म्हणजे मी का टिकलो नाही ते त्यांना समजेल.

४. १९९६ साली गोव्यात क्लबच्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग पणजीला नेऊन मशिनवर तपासलं. माझ्या हृदयाची भिंत हवी त्यापेक्षा जाड निघाली. डॉक्टर वयस्कर होते, शांतपणे बोलले. म्हणाले, हे रक्तातून येतं, धावताना माणूस उभ्याउभ्या जातो, घरात असं कोणी गेलं आहे का. मी नाही म्हणालो. त्यांनी खेळ बंद करायला सांगितलं आणि रिपोर्ट माझ्या हातात दिला. क्लबला ते सोमवारी कळवणार होते. शनिवारी मी कोलकात्याच्या गाडीत होतो.

मी खेळ सोडला नाही. त्यानंतर चौदा वर्षं, प्रत्येक सामन्याआधी, मी दोन बोटं गळ्यावर ठेवून ठोके मोजले. प्रेक्षकांना वाटायचं मी देवाचं नाव घेतोय. जिथे जिथे हृदयाच्या तपासणीची गोष्ट निघाली, तिथून मी पुढचा क्लब शोधला. इब्रीच्या क्लबने मोसमाआधी सगळ्यांना मस्कतला तपासणीसाठी न्यायचं ठरवलं, म्हणून मी खाबुऱ्याला गेलो. खाबुऱ्यात एका सामन्यात चेंडू पायाशी असताना डोळ्यांपुढे अंधार झाला. शुद्धीवर आलो तेव्हा कोणीतरी डोक्यावर पाणी ओतत होतं. मी म्हणालो, उन्हामुळे झालं. तो माझा शेवटचा सामना.

५. उजैर हुसैनमियाँ होडेकर, मूळ रत्नागिरीचा, मुंबईच्या क्लबात माझ्या उजव्या हाताला बॅक म्हणून खेळला. पुढे त्यानेच मला ओमानला आणलं. आता वादी कबीरमध्ये त्याचं गॅरेज आहे. २००३ साली मुंबईत ईसीजी काढायची वेळ आली, तेव्हा मी त्याला माझ्या जागी झोपवलं. त्याला सांगितलं, की मला ताप आहे, उगाच काहीतरी निघेल. त्याने विश्वास ठेवला. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, आणि उजैर साक्षीदार आहे. म्हणून त्याला काही देत नाही, फक्त माफी मागतो. हे कलम मी त्याला काल गॅरेजात वाचून दाखवलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला. म्हणाला, "तू मेला असतास तर माझ्या ईसीजीवर मेला असतास." नंतर सही कुठे करायची ते विचारलं.

६. हे कलम पहिल्या मसुद्यात वेगळं होतं. त्यात लिहिलं होतं, की गोव्याचा रिपोर्ट पाकिटात बंद आहे, तो माझ्या मृत्यूनंतर आकांक्षाला द्यावा. ते कलम रद्द केलं आहे. का केलं, ते लिहितो.

आकांक्षा माझ्याच जागेवर खेळते. शाळेच्या संघातून ऑगस्टमध्ये भारतात राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जायला तिची निवड झाली होती. जानेवारीत सरावाहून घरी येताना ती गाडीत म्हणाली, की पळताना कधीकधी छातीत फडफडल्यासारखं होतं. मी म्हणालो, पाणी कमी पितेस. मार्चमध्ये शाळेत शिकवताना मी मैदानावर कोसळलो. तेव्हा इथल्या डॉक्टरांनी बजावलं, की मुलीला लगेच तपासायला आणा. शुभदा बाहेर औषधांच्या रांगेत होती. घरी आल्यावर मी तिला यातलं काहीच सांगितलं नाही. असे आठ आठवडे गेले. त्या आठ आठवड्यांत मी आकांक्षाच्या एकेका सरावाला मैदानाच्या कडेला उभा होतो. शिट्टी वाजायची, ती पळत सुटायची, आणि मी तिला हाक मारली नाही. तपासलं तर तिचा खेळ बंद होईल, या भीतीने. न तपासता ती माझ्यासमोर पडेल, ही भीती तर त्याहून मोठी होती. दोन्ही घेऊन मी उभा राहिलो.

शुक्रवारी, १३ मे रोजी, सकाळी ती दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मी आत 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द लिहीत होतो. लिहिता लिहिता लक्षात आलं, की क्रम उलटाही होऊ शकतो. पाकीट घेऊन बाहेर गेलो आणि तिच्या हातात दिलं. तिचं मराठी अडखळत चालतं, पण रिपोर्ट इंग्रजीत होता. तिने दोनदा वाचला.

"ही डेट नाइन्टी सिक्सची आहे," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला कारमध्ये सांगितलं होतं, पप्पा."

मी हो म्हणालो.

"तुम्ही वॉटर बॉटल घेऊन दिली मला."

शुभदा स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने गॅस बंद केला, माझ्याकडे न बघता फोन उचलला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. आकांक्षाने बांधलेल्या नाड्या सोडल्या.

७. शनिवारी तपासणी झाली. आकांक्षाची भिंत आज सीमेवर आहे, जाड म्हणावी अशी नाही. पण ईसीजीच्या पट्टीवर ठोके चुकलेले दिसतात. डॉक्टरांनी सांगितलं, की सहा महिने स्पर्धात्मक खेळ पूर्ण बंद, मग पुन्हा पाहू, आणि त्यानंतर दर वर्षी. खेळता येईलच असं ते म्हणाले नाहीत, येणार नाही असंही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं, ती रडेल, भांडेल, दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हणेल. मी तिच्या वयाचा असतो तर खिडकीतून पळालो असतो. तिने रविवारी शाळेत जाऊन मुलींच्या प्रशिक्षिका सोनल मॅडमना सगळ्या संघासमोर सांगितलं, की माझ्या हार्टमध्ये प्रॉब्लेम असू शकतो, माझ्या जागी दुसरी घ्या. सोनल मॅडमनी हे मला फोनवर सांगितलं. मी शाळेच्या भांडारात चेंडूंच्या जाळीजवळ उभा होतो. तिथेच खाली बसलो. जे मला चौदा वर्षं आणि अकरा क्लबांत बोलता आलं नाही, ते पोरीने एका सकाळी सांगून टाकलं होतं.

हा मसुदा तिने वाचला आहे. चौथ्या कलमात मी 'मला खेळ सोडता आला नाही' असं लिहिलं होतं. तिने ते खोडून 'मी खेळ सोडला नाही' असं करायला लावलं. दुरुस्ती बरोबर आहे, म्हणून ठेवली.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभदाने करावी. उरलेल्या दहा जर्सी आकांक्षाच्या. तिने ठेवाव्यात किंवा टाकाव्यात. ती पुढे खेळली, तर 'वडिलांचं नाव राखलं' असं कोणी तिला म्हणू नये. नाही खेळली, तर कोणी हळहळू नये. माझे दिवसकार्य, कोल्हापूरची शोकसभा, नातेवाइकांचं येणं-जाणं, काहीही असलं तरी तिची पुढची तपासणी १४ नोव्हेंबरला आहे, सकाळी साडेनऊ वाजता. मंगळवारी मी परत आलो नाही, तरी ती तारीख चुकवायची नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली.

धनेश एकनाथ सरनाईक (सही)

साक्षीदार:
१. उजैर हुसैनमियाँ होडेकर (सही)
२. सौ. सोनल विश्राम कानडे, प्रशिक्षिका (सही)

स्थळ: वादी कबीर, मस्कत
दिनांक: २१ मे २०१६