धर्मराजचा पहिला चाहता

३ नोव्हेंबर १९९६, रविवार

सकाळी ९. मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात धर्मराजचा फोटो. आपला अंबरनाथचा धर्मराज, पंपांच्या जळक्या मोटारींचं वायंडिंग करणारा. खाली भलंमोठं कौतुक. म्हणे चौऱ्याऐंशी साली चौदा एप्रिलच्या जयंतीत मैदानावर ऑर्केस्ट्राच्या मध्यंतरानंतर हा एकटा स्टेजवर उभा राहिला, गिटारच्या तारांत सायकलची तार अडकवली आणि तासभर जे वाजवलं तसं रॉक आपल्याकडे कोणी वाजवलं नाही. पुढे उल्हासनगर आणि बदलापूरला एकेक शो. मग गिटार बंद.

पेपरवाल्यांना बारा वर्षांनी जाग आली. मी त्या दिवशी मैदानात होतो. पहिल्या रांगेत. आता ज्याला गिटारला तारा किती ते माहीत नाही तो पण फॅन होणार. शिसारी येते या लोकांची.

संकल्प : धर्मराजचा पहिला चाहता म्हणून जगापुढे यायचं.

बायकोला सांगितलं. शालन म्हणाली, त्या दिवशी तर तुम्ही डोकं धरून घरी आलात, मीच बाम चोळला. तिला संगीतातलं काही कळत नाही.

५ नोव्हेंबर

सदूकडून धर्मराजची कॅसेट आणली. सदूचं उल्हासनगरात कॅसेटचं दुकान आहे. दुकान कसलं, भोक आहे. वर नाल्याचा वास फुकट. त्याच्याकडे धर्मराजने घरी वाजवलेलं एक रेकॉर्डिंग आहे.

संकल्प : रोज अर्धा तास ऐकणे.

आज चार मिनिटं ऐकलं. पत्र्यावर कोणीतरी फावडं घासतंय असं वाटलं. स्पीकर खराब असणार.

६ नोव्हेंबर

दोन मिनिटं. डोकं ठणकलं. माझे कान जरा जास्तच संवेदनशील आहेत. कलेची जाण असली की हे भोगावं लागतं.

७ नोव्हेंबर

ऐकलं नाही. खरा चाहता मनातल्या मनात ऐकतो.

१० नोव्हेंबर, रविवार

भगवानच्या घरी अंबरनाथला चाहत्यांची मीटिंग. भगवान बँकेत आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची मीटिंग घेतो. चहा गार, त्यावर साय. अकरा जण आले होते. अकराही जण पहिल्या रांगेत होते! त्या मैदानात पहिल्या रांगेत सतरंजीवर लहान पोरं बसतात हे मला माहीत आहे. मी उभा होतो, पण पहिल्या रांगेच्या बरोबर मागे. म्हणजे दोन-चार रांगा सोडून.

आठवणी सांगताना एकाचं दुसऱ्याशी जुळेना. सदू म्हणाला, त्याने चमच्याने वाजवलं, मी डोळ्याने बघितलं. भगवान म्हणाला, चमचा नाही, हॅकसॉचं पातं. एक जण म्हणाला, वाजवताना त्याची बोटं फुटून रक्त आलं. दुसरा म्हणाला, ट्यूबलाइट फुटल्या. एवढं खोटं बोलताना तोंड आंबत कसं नाही?

ठरलं असं : २४ तारखेला समाजमंदिरात मेळावा. खुद्द धर्मराज येणार. आणि त्याच्या हस्ते पहिल्या चाहत्याचा सत्कार होणार.

मी लगेच उभा राहिलो. सदू हसला. म्हणाला, ओव्हाळ, तू होतास याला प्रूफ काय?

तेव्हा मला आठवलं. बक्षीस! आपल्याकडे ऑर्केस्ट्रात आवडलेल्या कलाकाराला पब्लिक चिठ्ठीला नोटा टाचून वर पाठवतं, आणि निवेदक चिठ्ठी माइकवर वाचतो. अक्षर न् अक्षर वाचावंच लागतं, नाहीतर देणारा चिडतो. मी त्या दिवशी एकवीस रुपये पाठवले होते. धर्मराज वाजवत असताना. माझं नाव माइकवरून सगळ्या मैदानाने ऐकलंय.

चौऱ्याऐंशी सालचे एकवीस! चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द आठवत नाही, पण पदरचे एकवीस रुपये घालून कोणी शिव्या देत नाही.

भगवान म्हणाला, त्या प्रोग्रामची टेप मिळाली तर सत्कार तुझाच.

संकल्प : टेप शोधणे.

१६ नोव्हेंबर

सापडली! त्या जयंतीला साऊंड उल्हासनगरच्या तोलारामचा होता. तो आपल्या प्रत्येक प्रोग्रामची टेप ठेवतो. त्याच्या गोडाऊनमध्ये तीन तास काढले. उंदराच्या लेंड्या, कुजलेल्या वायरी, आणि तोलाराम सारखा पापड खातोय. शेवटी मिळाली. वर लिहिलेलं, अंबरनाथ, अप्रैल ८४.

तोलाराम म्हणाला, साईं, एक बार सुन के ले जाओ. मी म्हटलं, गरज नाही. उगाच आत्ता ऐकून नवलाई का घालवावी? शिवाय आज डोकं दुखत नव्हतं, मुद्दाम कशाला दुखवून घ्यायचं?

२३ नोव्हेंबर

भाषण तयार. सुरुवात : मित्रहो, जेव्हा तुम्ही झोपला होतात तेव्हा मी जागा होतो.

केस मागे वाढवायचे ठरवले होते. तीन आठवड्यांत वाढले ते फक्त कानांवर.

शालनने सफारीला इस्त्री केली. म्हणाली, टेप आधी ऐकून बघा हो. तिला माझं कौतुक झालेलं बघवत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

रात्री ८.

समाजमंदिर भरलं होतं. धर्मराज आला. बारीक झालाय, बोटांना वायंडिंगचं वार्निश. बाजूला जुनी गिटारची पेटी. सदूने टेप लावली. खर्रखर्र, पब्लिकचा गोंधळ, मग ते वाजणं सुरू. मी हार घालून घ्यायला मान थोडी पुढे करूनच बसलो होतो.

वीस मिनिटांनी निवेदकाचा आवाज. मी सदूकडे बघितलं. निवेदक म्हणाला, खेळीमेळीत घ्या मंडळी, एक चिठ्ठी आली आहे. कारखान्यातले टाइमकीपर बाळाजी ओव्हाळ यांच्याकडून एकवीस रुपये सप्रेम भेट. गिटारवाल्या भावाने ही कटकट आत्ताच्या आत्ता बंद करावी म्हणून.

टेपवर सगळं मैदान हसलं. मग समाजमंदिर हसलं. भगवान खुर्चीवरून पडता पडता वाचला.

धर्मराज हसला नाही. टेप संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत बसला. मलाही बसावं लागलं, उठून जायची सोय नव्हती. चाळीस मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. चिठ्ठीनंतरचं वाजवणं आधीच्यापेक्षा वेगळं होतं. छातीत कुठेतरी लागत होतं. हे कोणाला सांगणार नाही.

मग तो उठला. म्हणाला, चिठ्ठी आली तेव्हा मी थांबणारच होतो, बोटं सोलली होती. पण ऐकून असा राग आला की पुढे वाजवत राहिलो. पेपरात लिहिलंय ते सगळं त्याच्या पुढचं.

मी म्हणणार होतो, म्हणजे माझ्यामुळेच! तोंड उघडलंही होतं. पण त्याने पेटी उघडली. अस्तरात माझी चिठ्ठी होती. माझंच अक्षर. तिला टाचलेली विसाची नोट आणि एकाची नोट. बारा वर्षं. वायंडिंगच्या दुकानात हातातोंडाची गाठ पडत नव्हती तेव्हाही तशीच.

चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, ओव्हाळभाऊ, थांबण्याचे पैसे दिले होते तुम्ही. मी थांबलो नाही. हे माझे नाहीत.

२५ नोव्हेंबर

रजा टाकली.

शालनने विचारलं, सत्कारात काय मिळालं? नोटा दाखवल्या. बाजारात गेली आणि त्यातून बामची डबी घेऊन आली.

डोकं दुखत नव्हतं. तरी लावला. बाम डोळ्यांत गेला की फार झोंबतो. दुपारपर्यंत झोंबत होता.