गालातला घास

सोमवार, २ सप्टेंबर
आज सकाळी साडेसातला माझं पाळणाघर सुरू झालं. नोंदणीपत्र चौकटीत घालून कोटांच्या खुंट्यांवर टांगलंय. येणाऱ्याला पहिलं तेच दिसतं. शेजारच्या बेरिलने कुंपणावरून विचारलं, की काय गं ग्लेनिस, स्वतःची तीन वाढवून हौस फिटली नाही का? मी म्हटलं, ही साडेपाचला घरी जातात, तीच तर गंमत आहे.

दोन मुली आहेत. ईडी तीन वर्षांची, बोलायची थांबत नाही. ब्रोना सात महिन्यांची, नुकतीच वरचं खायला लागलीय. तिची आई ऑर्ला एकटीच आहे. पार्सलच्या गोदामात कामाला जाते. बाळाला माझ्या हातात देताना तिचे हात सुटता सुटेनात. मी तिला सांगितलं, इथे हिच्या केसालाही धक्का लागणार नाही.

माझ्या नवऱ्याची, नॉरिसची, खुर्ची खिडकीशीच ठेवलीय. खोळ धुतली. घरात पुन्हा आवाज आहे, बरं वाटतं.

गुरुवार, ५ सप्टेंबर
एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, इथे लिहिते. नोंदणीच्या अर्जात घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं द्यावी लागतात. एकतीस वर्षांच्या सवयीने हात माझ्या नावाखाली नॉरिसचं नाव लिहून गेला. तो जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. खोडायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. त्याच्या मृत्यूच्या नोंदीवर मीच सही केली होती. तेच पुन्हा करवेना.

वाटलं होतं कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. कागद आले त्यावर छापलंय: घरात प्रौढ व्यक्ती दोन.

बुधवार, ११ सप्टेंबर
आज ईडीचं तोंड पुसताना तिच्या उजव्या गालात काही टणक लागलं. बोट घालून काढलं तर राखाडी, चघळलेला, कोमट गोळा. जेवण होऊन तीन तास झाले होते.

मुलं घास धरून ठेवतात, माहीत आहे. पण नॉरिसही धरायचा. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याला गिळता येईना. चौदा महिने मी त्याला कालवलेलं भरवलं आणि रोज रात्री असंच बोट घालून त्याचा गाल रिकामा केला. बोटाचा तो आंबूस वास लगेच ओळखू आला.

मंगळवार, १७ सप्टेंबर
पुन्हा गोळा. या वेळी बशीत घेऊन नीट पाहिला. कांद्यातली कलेजी होती. मी दुपारी मासा आणि मटार दिले होते. नॉरिस आजारी पडल्यापासून या घरात कलेजी शिजलेली नाही. ती त्याची आवड होती, माझी नव्हे.

ईडीला विचारलं. म्हणाली, खुर्चीतले आजोबा देतात. मी लहान आहे ना, म्हणून आधी स्वतः चावतात आणि मग तोंडातून देतात. आजोबा दिसतात कसे, विचारलं. तिने एक गाल फुगवला आणि दुसरा बोटाने खाली ओढला.

तिची आई कर्स्टी न्यायला आली तेव्हा खो खो हसली. म्हणाली, घरी ही बया मटार बघून किंचाळते, आणि तुझ्याकडे कलेजी चापते? जादू शिकव बाई मला.

मी बशी तीनदा धुतली. शेवटी फेकली.

शुक्रवार, २० सप्टेंबर
मुली झोपल्या होत्या. खुर्चीतून चावण्याचा आवाज. ओला, सावकाश, मध्येच थांबणारा. त्याचाच.

मी जवळ जाऊन बसले. खुर्चीच्या हातावर हात ठेवला, तो लाळेच्या चिकट तारेसकट वर आला. किळस आली, अंगभर आली. तरी उठले नाही. अर्धा तास बसले. मला बरं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते.

अर्ज भरला त्याच दिवशी नाव खोडायला हवं होतं.

सोमवार, २३ सप्टेंबर
ब्रोना निळी पडली. पाळण्यात, झोपेत.

मांडीवर पालथी घेतली. पाठीवर पाच थापट्या. पाचव्या थापटीला गोळा निघाला. लाळेने लडबडलेला, बाळाच्या मुठीएवढा. त्यात नॉरिसच्या कवळीचा गुलाबी तुकडा. मग ती रडली.

नोंदणी कार्यालयाला फोन केला, नॉरिसचं नाव काढा म्हटलं. बाई म्हणाली, काढू, दहा दिवस लागतात.

उद्यापासून बंद म्हटल्यावर कर्स्टी चिडली, ईडीला घेऊन गेली. ऑर्लाला बाळ गुदमरल्याचं सांगितलं, पाळणाघर बंद करते म्हटलं. ती म्हणाली, असं मध्येच टाकू नका हो, उद्याची पाळी चुकली तर काम जाईल, एकच दिवस द्या. मी नाही म्हणायला हवं होतं. पण बेरिलच्या नवऱ्याने खुर्ची कचराडेपोवर नेऊन टाकली, आणि मला वाटलं, संपलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर
दुपारी ३
खुर्ची नाही. आवाज आहे. पाळण्याच्या बाजूने.

३.२०
ब्रोनाला घेऊन बेरिलकडे गेले. घराला कुलूप. बाबागाडीच्या टपाखाली चावणं सुरू झालं. तो घराला नाही, आम्हाला धरून आहे. परत आले. ऑर्लाला निरोप ठेवलाय. गोदामात फोन जवळ ठेवू देत नाहीत.

४.०५
ब्रोनाने आ केला. चमचा दिसल्यासारखा. समोर काही नाही. मी माझं तोंड मध्ये घातलं.

कोमट. आंबूस. माझ्या गालात आलं. गिळलं.

तिने तोंड मिटलं.

४.३०
अकरा घास. मी गिळते तोवर तो तिच्याकडे वळत नाही. थुंकून पाहिलं — लगेच तिने आ केला. थुंकायचं नाही.

४.५५
आता कलेजी नाही. माती. मातीत केस — त्याचे, पांढरे — दाढेत अडकतात —

५.१५
पोट घट्ट झालंय. ब्रोना माझ्याकडे बघून हसते. रंग चांगला आहे. गुलाबी.

५.२५
ऑर्लाची गाडी वळली — गिळवत नाही, दोन्ही गाल भरलेत — ब्रोना आ करतेय —

नॉरिस, इकडे बघ. तिच्याकडे नको. मला दे. अजून जागा आहे, मी तोंड उघ