निकेलचा शून्य भार

माधवगंज, लश्कर, ग्वाल्हेर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. तन्वी हिस आशीर्वाद.

नावाआधी 'सौ.' लिहायला पेन सरसावलं आणि तिथेच थांबलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आम्ही ठीक. बाबांना गुडघे आहेत, मला जीभ आहे. दोन्ही बरं होण्यातलं नाही.

समोरच्या शालिनीताई अजून भाजीवाल्यालासुद्धा सांगतात, "लॅब में सायनाइड ही तो बनाता था लड़का. रात को बहू से झगड़ा, सुबह खत्म!" काल मी म्हटलं, "ताई, तुमचे हे बिजली दफ्तरात होते. ते गेले तेव्हा शॉक लागला असं आम्ही म्हटलं का?" चार दिवस तरी दार लावून बसतील.

यशोधन ओट्याशी उभा राहून मला शिकवायचा. "आई, निकेल एरवी दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं असतं. मी ते त्याला परत देतो. मग त्याचा भार शून्य."

"एवढं शिकून शून्यच मिळवलंस?"

"अगं, निकेलला जोडलेलं सायनाइड नुसतं देत नाही, निकेलकडून थोडं घेतंही. म्हणून दोघं टिकतात. फक्त हवा लागता कामा नये." बंद नळीत जपायचा ते. आणि घरी आला की साबणाने हात घासल्याशिवाय पोळीला शिवायचा नाही. असा माणूस विष खाईल, हे आपल्याला पटलं तरी कसं?

आपल्याला म्हणजे मलाही. इंदूरला माहेरी जाताना तू म्हणालीस, "आई, त्या रात्री मी तसं बोलायला नको होतं." मी फक्त तुझी बॅग रिक्षात ठेवली.

पोस्टमॉर्टेमच्या तपासणीचं उत्तर आलंय. विषाचा अंशही नाही. हृदयाची एक रक्तवाहिनी चुकीच्या जागेतून निघाली होती, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले, लॅबमध्ये पडला तसा जिना चढतानाही पडला असता. भांडणाचा संबंध नाही. तुझा नाही.

हे मला दसऱ्याच्या आधी कळलं. दिवाळीही होऊन गेली. इतके दिवस का लावले, विचारशील. अगं, विष होतं तोवर दोष इंदुरात होता. आता तो माझ्या पोटात घडलाय. दोन्हीकडे ठेवून पाहिला. तिकडे ठेवणं सोपं होतं.

शालिनीताईंना उद्या सांगेन. आधी तुला.

माझ्या वाट्याचं मी बघते. तू आता झोपत जा.

त्याची आई