किंकाळी माझीच आहे

४ मार्च

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

महिनाभर तुझं पत्र नाही. फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस आणि मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायलाच बसलो. गुडघा आहे तसाच. तुझ्या वहिनीने मला जिना चढायला बंदी केली आहे. स्वतः मात्र दिवसातून दहा वेळा गच्चीवर जाते.

आता मुद्द्याचं. ज्या शाळेत मी बावीस वर्षं मुख्याध्यापक होतो, तिच्या फाटकासमोर एक भलंमोठं पोस्टर लागलं आहे. तोंडावर पत्र्याचा मुखवटा, हातात झाडं छाटायची लांब कातर, आणि खाली लाल अक्षरांत ‘कातरवाला, भाग दुसरा’. पहिलीतली मुलं रस्ता ओलांडून पलीकडून येतात. ते उतरवायला आम्ही निवृत्त शिक्षक आणि पालकांची समिती केली आहे, अध्यक्ष मीच. चाळीस सह्या झाल्या. तुझ्या वहिनीला सही मागितली तर म्हणे चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावरच होता.

आणि परवा तुझ्या भाचीकडून कळलं की त्याच सिनेमावाल्यांनी तुला बोलावलं आहे! पहिल्या भागातली ती किंकाळी तुझी, हे घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी सांगितलं आणि तू पडद्यावर नाव येऊ दिलं नाहीस, तो तुझा शहाणपणा. आता सत्तावन्नाव्या वर्षी, घशाचं ऑपरेशन झालेलं असताना, पुन्हा किंचाळायला जाणार? त्यांना नाही म्हणून कळव, आणि कळवलंस की मलाही कळव.

घशाला जप. माया आहे म्हणून रागावतो, हे विसरू नकोस.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनी गच्चीवर का जातात ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. बायकांची गुपितं आहेत.

सिनेमावाल्यांना मी कळवलं. हो म्हणून कळवलं.

आता बसलाच आहेस खुर्चीत तर ऐक. तू मला त्या वेळी काही विचारलंच नव्हतंस, नुसतं सांगितलं होतंस. मी त्या रेकॉर्डिंग स्टुडिओत टायपिस्ट होते. नटांचे संवाद टाइप करायचे, कागद क्रमाने लावायचे, चहाचे कप मोजून परत द्यायचे. त्या दिवशी नायिकेचा घसा बसला होता. तिने किंचाळायचं म्हटलं की दार करकरल्यासारखा आवाज निघायचा. सायंकाळी रेकॉर्डिस्ट वैतागून बाहेर आला आणि ऑफिसात बसलेल्यांना विचारलं की इथे कुणाला ओरडता येतं का. हिशेबनीस हसला. मी उठले.

त्यांनी मला मनगटावरचं घड्याळ काढायला लावलं, कारण त्याची टिकटिक माइकमध्ये येते. भिंतींना जाड कापड लावलेली ती खोली, मध्ये एक स्टूल, समोर पडदा. पडद्यावर ती मुलगी कपाट उघडते आणि आत तो उभा असतो. लाल दिवा लागला. मी ओरडले. काचेपलीकडे तिघांनी एकदम कानांवरचे हेडफोन काढून फेकले. रेकॉर्डिस्टने विचारलं की ताई, घरी सगळं ठीक आहे ना.

त्या एका किंकाळीवर तो सिनेमा वर्षभर चालला. पोरंटोरं रस्त्यात तिची नक्कल करायची आणि मी शेजारून भाजीची पिशवी घेऊन जायची. माझ्या डोक्यात एकच यायचं, की अरे, सूर चुकतोय तुमचा.

या वेळी एकच अट घातली आहे. नाव येणार. आईबाबांनी ठेवलेलं, आडनावासकट. घशाची काळजी डॉक्टर घेतील, अब्रूची तू घे.

वहिनींना नमस्कार. रागाचा भर ओसरला की उत्तर दे, तोवर माझी माया तशीच आहे.

तुझी,
ठमी

१६ मार्च

ठमीस, आशीर्वाद.

आडनाव माझंही आहे, हे तू सोयीस्करपणे विसरलीस. गावात मला या आडनावाने ओळखतात. माझे विद्यार्थी वकील झाले, डॉक्टर झाले. ते पडद्यावर काय वाचणार?

मला एक खरोखर कळत नाही, ते तू समजावून सांग. माणसं पदरचे पैसे देऊन दुसऱ्याचा गळा कापलेला बघायला का जातात? आणि एकदा बघून भागत नाही, परत दुसरा भाग हवा? या प्रश्नाचं तुझ्याकडे सरळ उत्तर असेल तरच पत्र लिही. नुसती थट्टा असेल तर लिहू नकोस.

दादा

५ एप्रिल

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

थट्टा नाही. सरळ उत्तर देते, जरा लांबेल.

तुझ्या प्रश्नाने मलाही छळलं, म्हणून मागच्या आठवड्यात मी दुपारच्या खेळाला गेले. दुसरा भाग येणार म्हणून पहिला पुन्हा लावला आहे. मला वाटलं टवाळ पोरं असतील. होती, पण माझ्या रांगेत शिवणकारखान्यातल्या सहा मुली होत्या, बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या. पलीकडे एक नर्स, ड्यूटी संपवून तशीच आलेली. पुढे एक आजोबा, एकटेच. तो कपाटात आहे हे सगळ्यांना पाठ होतं. तरी ती कपाटाकडे निघाली आणि त्या सहाजणी एकमेकींचे दंड धरून अशा ओरडल्या की माझी किंकाळी ऐकूच आली नाही. दिवे लागल्यावर सगळ्या पोट धरून हसत होत्या. मी त्या नर्सला विचारलं की दिवसभर रक्त बघून परत इथे कशाला येतेस. ती म्हणाली की वॉर्डात तिला ओरडता येत नाही.

दादा, मला तेव्हा आई गेली तो दिवस आठवला. मी दहा वर्षांची, तू एकोणीसचा. मी तोंड उघडलं आणि तू त्यावर हात ठेवलास. म्हणालास की खाली घरमालक आहेत, आवाज करायचा नाही. मी नाही केला. नंतरही कधी नाही केला. सोळा वर्षांनी त्या कापड लावलेल्या खोलीत लाल दिवा लागला, तेव्हा मला तो कातरवाला दिसलाच नव्हता. आईची कॉट दिसत होती.

आता दुसऱ्या भागाचं. पहिल्या भागात ती मुलगी वाचते ती नशिबाने. दुसऱ्या भागात तो मेलेला नाही हे तिला माहीत असतं, बघणाऱ्यालाही माहीत असतं, आणि तरी ती दार उघडून आत जाते. गळा कापलेला बघायला कोण जातं रे? तिने माघार घेतली नाही, ते बघायला जातात.

परवा रेकॉर्डिंग झालं. दिग्दर्शिका तिशीची आहे, मला मावशी म्हणते. तिला जुनीच किंकाळी हवी होती. मी तीनदा दिली, तिन्ही वेळा आवाज मध्येच फाटला. रेकॉर्डिस्ट म्हणाला की राहू द्या, जुनी टेप वापरू. मी नाही म्हटलं. दिग्दर्शिकेला सांगितलं की ही बाई आता घाबरलेली नाही, चिडलेली आहे, आणि एवढ्या वर्षांनी ती त्याला बघून दचकेल कशाला. तिने जरा विचार केला आणि हवं तसं करा म्हणाली. चौथ्यांदा मी ओरडले ते त्याच्या अंगावर धावून गेल्यासारखी ओरडले. फाटला आवाज, तर फाटू दिला. दिग्दर्शिका काचेपलीकडे उभी राहिली होती. तिने तो तसाच ठेवला.

थुंकीत थोडं रक्त आलं. डॉक्टरांनी तीन आठवडे एक शब्द न बोलण्याची शिक्षा दिली आहे आणि वर चांगलं सुनावलं आहे. मी पाटीवर लिहून त्यांना सांगितलं की पश्चात्ताप झालेला नाही. तुलाही तेच सांगते.

माया कमी करायची असेल तर कर, मी माझ्या वाट्याची वाढवीन.

तुझी,
ठमी

१२ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग खिशात घालून गच्चीवर गेले. गुडघा विसरले. रात्री जेवताना मी काय झालं विचारलं तर म्हणाले की मीठ बरोबर आहे. मीठ मी घालायलाच विसरले होते.

इतक्यात ते लिहितील असं वाटत नाही. तुम्ही मात्र वाकू नका. सिनेमा लागला की मी पहिल्या दिवशी जाणार आहे, एकटी जावं लागलं तरी. लग्नापासून मला भुताखेतांचं आवडतं. यांच्या घरात सांगायची सोय नव्हती, म्हणून तर तसली पुस्तकं गच्चीवर जाऊन वाचते.

घशाला आराम द्या. तुमचा जीव आमच्यावर आहे तसाच राहू द्या.

तुमची,
वहिनी

२३ जून

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

उशीर झाला. तीन वेळा लिहून फाडलं.

आम्ही सिनेमा पाहिला. तुझी वहिनी निघाली आणि म्हणाली की यायचं तर या, नाहीतर कुलूप लावून घ्या. दुपारचा खेळ, चौथी रांग. निम्मा वेळ मी समोरच्या खुर्चीची पाठ बघत होतो. शेजारी ही मजेत होती. कुठे काय होणार ते आधीच सांगून मागच्यांच्या शिव्या खात होती. मग ती बाई त्या घराचं दार उघडून आत गेली आणि तुझा आवाज आला. मी तुला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या घशातून काहीतरी निघालं, मोठ्याने. हिने माझा हात धरला. आजूबाजूला सगळेच ओरडत होते, त्यामुळे कुणी बघितलं नाही. शेवटी पाट्या आल्या, त्यात तुझं नाव आलं. आम्ही दिवे लागल्यावरच उठलो.

आईच्या दिवसाबद्दल तू लिहिलंस त्याचं उत्तर द्यायला हवं. त्या दिवशी खाली कुणी नव्हतं. घरमालक आठवडाभर परगावी गेले होते, मला माहीत होतं. तू रडायला लागली असतीस तर मीही लागलो असतो, आणि बाबाही नसताना मग तुला सांभाळणारं कुणी उरलं नसतं, असं मला वाटलं. एकोणीस वर्षांच्या पोराला तेवढंच सुचलं. चूक झाली, ठमे. आणि हे सांगायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली, ही चूक त्याहून मोठी.

पोस्टरबद्दल माझं मत बदललेलं नाही. सहा वर्षांच्या मुलांना ते फाटकासमोर नको. ते आम्ही हलवून घेतलं आणि मला त्याचा आनंद आहे. पण समितीला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. सिनेमाच बंद पाडायचा अर्ज तयार झाला आणि पहिली सही अध्यक्षाची हवी होती. रविवारी शाळेच्या सभागृहात मी उभा राहिलो. अर्जावर सही करणार नाही असं सांगितलं, आणि त्या सिनेमातली किंकाळी माझ्या सख्ख्या बहिणीची आहे हेही सांगितलं. एवढी शांतता मी मुख्याध्यापक असताना कधी मिळवू शकलो नव्हतो. मग चित्रकलेचे मास्तर म्हणाले की हे असं चारचौघांत सांगायला मला काहीच कसं वाटत नाही. मी म्हटलं की वाटतं, आधी सांगितलं नाही याचं वाटतं. अध्यक्षपद तिथेच सोडलं. बाहेर आल्यावर दोघंतिघं मला बाजूला घेऊन विचारायला लागले की ती शेवटी खरंच मारते का त्याला. मी म्हटलं तिकीट काढा.

गुरुवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतो आहोत, चार दिवस राहू. डॉक्टरांनी तुला अजून मोठ्याने बोलू नकोस म्हटलं आहे असं भाचीकडून कळलं. नको बोलूस. त्या चित्रकलेच्या मास्तरांसारखे नाक मुरडणारे तिथे तुझ्या गल्लीतही असतील. त्यांची नावं तेवढी लिहून ठेव. मी एकेकाच्या दारात जाऊन बोलणार आहे, आणि दार लावलं तर बाहेरून बोलणार आहे.

रागावलो तेव्हाही तुझाच होतो, आताही आहे.

दादा