गलबत भर रस्त्यात

सान फ्रान्सिस्को, मार्च १८५१

तीर्थस्वरूप सेवेरो दाजी, आणि हे पत्र ऐकायला अंगणात जमलेल्या सर्व मंडळींनो,

सोने सापडण्याआधीपासून या खाडीवर राहण्याचा गुन्हा आपण सगळ्यांनीच केला आहे, आणि काल उतरलेला माणूस आज आपल्यालाच विचारतो की इथे काय काम काढलेत. दाजी, खोकला कसा आहे? ताईचा गुडघा? मी ठणठणीत आहे. रागाने अंग ऊबदार राहते.

तुम्ही शेवटचे आलात तेव्हा इथे शंभरभर घरे होती आणि माझे गलबत दारासमोर पाण्यात डोलत होते. आता घरे मोजायला निघालो तर मोजून होईपर्यंत दहा वाढतात (आणि दोन जळतात). खलाशी जहाजे टाकून सोने खणायला पळाले. त्या जहाजांत आता खाणावळी आहेत, एकात तर तुरुंग. बंदरातले पाणी, दाजी, चक्क पाणी, चौकोन आखून विकले आणि वर वाळू ओतली. गलबत दुरुस्तीला काठाशी लावून मी तीन आठवडे तापाने पडलो. उठलो तो समुद्र दोन गल्ल्या पलीकडे, आणि गलबताच्या दोन्ही अंगांना दुकाने.

त्या जागेचा मालक क्रम्ब, सात महिन्यांपूर्वी आलेला, मला म्हणतो, "म्हातारबा, तुमची इमारत हलवा, नाहीतर ती माझी."

म्हटले, इमारत नाही, गलबत आहे.

"मग पाण्यात का नाही?"

(हे त्याने खरोखर विचारले. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.)

रविवारी मी गलबतावर उभा राहून दीड तास बोललो. रोममधल्या जमिनींच्या लुटीपासून सुरुवात केली. दोनशे माणसे दाटीने उभी, एक जागचा हलेना. मला भरून आले. मागाहून कळले की रस्ताभर मांडीइतका चिखल होता आणि कोरड्या फळ्या काय त्या माझ्या गलबताभोवतीच होत्या. शेवटी एकाने विचारले, "आजोबा, जेवण कधी वाढता?"

आज क्रम्बच्या सुताराने गलबताच्या पोटावर खडूने खाणावळीचे दार आखले आहे. सोमवारी करवत चालेल. भोक पडले की ते पुन्हा तरंगणे नाही. आणि बावीस वर्षे तुमच्या गुरांची कातडी नि चरबी जहाजांवर पोचवणारा मी एका खाणावळीचा शेजारी म्हणून मरेन.

तुमचा मेहुणा,
फेर्मिन

ता. क. इथून पुढचे मनातल्या मनात वाचा. ती वाळू माझ्या घरामागच्या टेकाडाची. मीच विकली. तापात गाड्यांची खडखड कानावर यायची, तेव्हा धंदा बरा चाललाय म्हणून मी समाधानाने कूस बदलायचो. ताईला यातले अक्षर कळू देऊ नका.

आणखी एक. रोम राहू द्या, न्याय राहू द्या. रविवारी पहाटे उधाणाची भरती आहे. शनिवारी दुपारच्या आत बैलांच्या बारा जोड्या आणि तुमचा सगळ्यांत जाड दोर घेऊन या.